सुशोभीकरणाच्या पत्रात आधी काय मागावं? शहर सुंदर दिसतं ते नेमकं कशामुळे?

नेरूळवासी (धागाकर्ता)

पाच सोसायट्या मिळून पालिकेला सुशोभीकरणाच्या मागण्यांचं पत्र देणार आहेत. रस्ता नवी मुंबईत नेरूळला, सेक्टरच्या आतला आहे. भिंत ते भिंत १५ मीटर रुंद, लांबी साधारण ६०० मीटर. एका टोकाला स्टेशनकडे वळणारा चौक, दुसऱ्या टोकाला होल्डिंग पाँड (पावसाचं पाणी तात्पुरतं साठवायची जागा), मधे एका बाजूला शाळेची लांबलचक भिंत. चौकात भाजीच्या गाड्या आणि मासळीवाल्या बसतात.

मसुद्यावरून दोन तट पडले आहेत. एका तटाला शाळेच्या भिंतीवर चित्रं, झाडांना दिव्यांच्या माळा, चौकात शिल्प आणि तलावाकाठी सेल्फी काढायची मोठी अक्षरं हवी आहेत. दुसऱ्याचं म्हणणं, फुटपाथ नीट करा, बाकी नंतर बघू. त्यावर पहिले विचारतात, पेव्हर ब्लॉक बघून कोणी शहराला सुंदर म्हटल्याचं ऐकलंय का?

जाणकारांनी मतं द्यावीत. पण नुसती मतं नकोत, मापं द्या, आणि काय बिघडतं, का बिघडतं तेही लिहा. पत्रात घालता येईल.

चरईकर

पेव्हर ब्लॉक बघून कोणी म्हणत नाही, खरं आहे. पण ठेच लागेल म्हणून मान खाली घालून चालणाऱ्याला तुमचं भित्तिचित्र दिसणार कधी?

ठाण्यात तलावपाळीला रोज संध्याकाळी माणसं कशासाठी जमतात ते बघा. पाणी आहे, कोपिनेश्वराचं देऊळ आहे, गडकरी रंगायतन हे नाट्यगृह आहे, खाण्याच्या गाड्या आहेत. आणि टेकायला जागा आहे, ही गोष्ट कोणी मोजत नाही. कठडा ४०० ते ४५० मिलिमीटर उंच आणि निदान ३०० रुंद असला की लोक बसतात. तोच ९०० केला की नुसतं कोपर टेकतात. वर टोकदार सळ्या लावल्या की तेही गेलं. सुशोभीकरण म्हटलं की कठडा उंच करायची हौस कुठून येते कोण जाणे.

आता तुमचे १५ मीटर. दोन पदरी गाडीरस्ता ७ मीटर, एका बाजूला समांतर पार्किंग २ मीटर. उरले ६, म्हणजे दोन्हीकडे तीन-तीन. त्यातले १.८ मीटर चालण्यासाठी पूर्ण मोकळे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी निकषांत किमान एवढं आहेच, शिवाय डोक्यावर २.२ मीटर मोकळं. राहिलेला १.२ मीटरचा पट्टा गाडीरस्त्याच्या बाजूला ठेवा. झाडं, दिव्याचे खांब, फीडर पिलर (विजेच्या जोडण्यांची पेटी), कचऱ्याचे डबे, पाट्या, सगळं त्याच एका रांगेत. आपल्याकडे घोळ इथेच होतो. खांब एका ओळीत, झाड दुसऱ्या, पिलर तिसऱ्या. नकाशात फुटपाथ ३ मीटर, चालायला सलग मिळतो ६० सेंटिमीटर.

कर्बची, म्हणजे फुटपाथच्या कडेच्या दगडाची, उंची १५० मिलिमीटर, त्याच्या वर नको. ती वाढते कशी? जुना थर न खरवडता डांबराचा नवा थर टाकतात. दोन-तीन थरांत रस्ता फुटपाथच्या बरोबरीला येतो, पाणी वर चढतं, मग फुटपाथ उंचावतात. मग प्रत्येक गेटपाशी तो कापून उतार द्यावा लागतो आणि म्हातारी माणसं शेवटी रस्त्यावरूनच चालतात. पत्रात सरळ लिहा: नवा थर टाकण्याआधी मिलिंग करून, म्हणजे यंत्राने खरवडून, जुना काढावा, आणि गेटपाशी फुटपाथ खाली न आणता गाडीने वर चढावं. १.२ मीटरच्या पट्ट्यात १५० मिलिमीटरचा चढ म्हणजे आठास एक. कोणतीही गाडी चढते.

पेव्हरबद्दल. फुटपाथला ६० मिलिमीटर जाडीचा ब्लॉक पुरतो, गेटसमोर गाड्या जातात तिथे ८०. खाली दाबून बसवलेला खडी-मुरुमाचा थर, त्यावर २५ ते ४० मिलिमीटर वाळू. सांधा २ ते ४ मिलिमीटर, बारीक वाळूने भरलेला. ब्लॉक फुटतो म्हणून फुटपाथ खचतो असं कमी वेळा होतं. बहुतेकदा खालची वाळू निघून जाते. कडेचा कर्ब सैल असेल तर पहिल्या पावसात ती सांध्यांतून बाहेर पडते. नाहीतर केबलसाठी खोदतात, माती न दाबता परत भरतात आणि वर ब्लॉक रचून निघून जातात. जुलैत तिथे खड्डा ठरलेला. म्हणून मागणी फक्त 'पेव्हर बसवा' अशी नको. 'खोदकामानंतर १५० मिलिमीटरच्या थरांनी भरून प्रत्येक थर दाबावा' असं लिहा.

रंगारी

भिंती रंगवण्याला इथे सगळे नावं ठेवणार, म्हणून दुसरी बाजू आधीच मांडतो. १५ मीटरच्या रस्त्याच्या कडेला शाळेची भिंत सिमेंटच्या रंगात उभी असेल आणि ती पाडता येणार नसेल, तर तिथे रंगच लागतो. फुटपाथ कितीही सरळ केला तरी ती भिंत डोळ्यांसमोरून हलणार नाही.

अडचण रंगात नसते. रंग चुकीच्या भिंतीवर, भिंत न तपासता घाईत लावला जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये निधी संपवायचा म्हणून चित्रं होतात आणि सप्टेंबरमध्ये पापुद्रे लोंबतात. कारण पाणी भिंतीच्या मागून येतं. मागे मातीचा भराव असेल तर पावसाळाभर तो ओला राहतो. ओल सिमेंटमधले क्षार घेऊन पुढे सरकते, पृष्ठभागावर पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात. त्याला आपण लोणा लागला म्हणतो. तो रंगाला आतून ढकलतो, मग वर कितीही भारी कंपनीचा रंग असो.

म्हणून आधी भिंत तपासा. भराव असेल तर भिंतीत पाणी निघायला भोकं आहेत का? साधारण दर दीड मीटरला ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाचा पाइप, मागच्या बाजूला खडीचा गाळणथर. बहुतेक ठिकाणी भोकं असतात पण आधीच्या रंगकाम्याने गिलावा करताना बुजवलेली असतात. ती उघडा. मग तारेच्या ब्रशने जुना रंग आणि लोणा कोरडाच खरवडायचा. पाणी मारून धुतलं की क्षार परत आत जातात, म्हणून आधी कोरडं घासणं, धुणं नंतर. भेगा पॉलिमर मोर्टारने भरायच्या. घरात मारतात ती पांढरी पुट्टी बाहेर अजिबात नको, ती ओल पिते आणि रंगासकट सोलून येते. नवा गिलावा असेल तर निदान २८ दिवस जाऊ द्यायचे. मग क्षार सहन करणारा बाहेरचा प्रायमर एक हात, बाहेरचा अ‍ॅक्रिलिक इमल्शन दोन हात, त्यावर चित्र. काम डिसेंबर ते एप्रिलमध्येच.

खालचा दीड-दोन फुटांचा पट्टा चित्रात धरूच नका. पावसात चिखल उडतो आणि बाकी वर्षभर पिचकाऱ्या. तिथे कडाप्पा किंवा गडद रंगाचा सपाट पट्टा ठेवा. माणसांचे चेहरे खांद्याच्या उंचीखाली येऊ देऊ नका. आणि थुंकू नये म्हणून देवांच्या टाइल्स लावण्याचा उपाय कृपया सुचवू नका. ज्याला लघवीची जागा हवी आहे तो दहा पावलं पुढे जातो, एवढंच होतं. मुतारी बांधा.

अजून एक. वारली चित्रं. प्रत्येक उड्डाणपुलाखाली तोच तारपानाच. मूळ रीत म्हणजे गेरू-मातीने सारवलेली भिंत आणि तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, लग्नघरातला चौक. ठाणे-पालघर पट्ट्यातली ही कला आहे, तर निदान त्या भागातल्या चित्रकारांनाच बोलवा. स्टेन्सिलने मारलेली वारली बघवत नाही.

करंज

रंगारींचं भिंतीचं सगळं मान्य. मूळ पोस्टमधल्या माळांबद्दल बोलतो.

झाडाला दिव्याच्या माळा हे माझ्या मते शहर कुरूप करण्याचं सगळ्यात स्वस्त साधन. खोडाला तार घट्ट गुंडाळतात, खोड जाडीत वाढतं, तार सालीत रुतते. साल म्हणजे झाडाचं अन्न खाली नेणारा भाग. खिळे ठोकले की तिथून बुरशी शिरते. पावसात जोडणी उघडी पडून खोडाला विजेचा झटका लागतो तो वेगळाच. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात झाडाला इजा करणंही 'तोडणं' याच्या व्याख्येत येतं, आणि झाडांवरच्या रोषणाईचा विषय २०२४ मध्ये जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयातही गेला आहे. तुमच्या पत्रामुळे पालिकेला कोर्टाची नोटीस यावी असं वाटत नसेल तर ती मागणी गाळा.

दिवे हवेत तर खांबाचे मागा. आपल्याकडे ९-१० मीटरचे खांब झाडाच्या शेंड्याच्या वर जातात आणि पानांची पाठ उजळते. खाली फुटपाथवर मिट्ट काळोख. मग कोणीतरी तक्रार करतं आणि झाड छाटलं जातं. फुटपाथसाठी वेगळा ४ ते ५ मीटरचा खांब, फांद्यांच्या खाली, साधारण १५-२० मीटरवर एक, ३००० केल्विनचा पिवळसर प्रकाश. ६००० चा पांढराफेक प्रकाश डोळ्यावर येतो, सावल्या काळ्या करतो आणि पाँडजवळ पक्ष्यांनाही नको.

आता लागवड. मे महिन्यात दुपारी दोन वाजता जो रस्ता चालता येतो तो सुंदर, माझी व्याख्या एवढीच. त्यामुळे दुभाजकावरचे बॉटल पाम माझ्या हिशेबात विजेचे खांबच. सावली शून्य, आणि वाळलेली झावळी पडते ती गाडीच्या काचेवर.

८ मीटरवर एक झाड धरलं तर ६०० मीटरला एका बाजूला ७५ झाडं. एकच जात लावू नका, रोग आला की अख्खी रांग जाते. मुंबई-ठाण्यात पर्जन्यवृक्षांना पिठ्या ढेकणाने ग्रासलं ते बघितलंच आहे सगळ्यांनी. कोणतीही जात एक तृतीयांशाच्या वर नको. खाडीकाठच्या खाऱ्या हवेला करंज उत्तम, सावली दाट, पानगळ थोड्या दिवसांची. बकुळ सदाहरित पण वाढायला वेळ घेतो. ताम्हण राज्याचं फूल, उन्हाळ्यात जांभळा बहर, आकार आटोपशीर. बहावा दिसतो देखणा, पण ऐन मेमध्ये त्याच्यावर पानं नसतात, म्हणून सावलीच्या रांगेत नको, चौकात एखादा. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवर, पार्किंगच्या कडेला तर नकोच. सप्तपर्णी ऑक्टोबरमध्ये रात्री इतकी घमघमते की खिडक्या बंद करायची वेळ येते.

नवी मुंबईतली खास अडचण म्हणजे जमीन. बराच भाग खाजणावर, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीवर, मुरूम टाकून उचललेला आहे. मुरमात १ मीटर बाय १ मीटरचा खड्डा केला, चांगली माती भरली, की मुळं त्या खड्ड्यातच घुटमळतात. बाहेर कडक मुरूम, खाली खारं पाणी. झाड कुंडीतल्यासारखं वाढतं आणि आठ-दहा वर्षांनी जुलैच्या वाऱ्यात मुळासकट आडवं होतं. मग लोक म्हणतात झाड जुनं झालं होतं. उपाय म्हणजे सुटे खड्डे न खणता त्या १.२ मीटरच्या पट्ट्यात सलग चर, १ मीटर खोल. मुळांना लांबीच्या दिशेने जागा मिळते. वर काँक्रीट नको. राष्ट्रीय हरित लवादाचा २०१३ चा दिल्लीतला आदेश झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगतो, त्याचा दाखला द्या.

रोपं अडीच-तीन मीटर उंचीची, बांबूचा आधार, तीन उन्हाळे पाणी. आणि ट्रीगार्ड वेळेवर काढायची जबाबदारी कोणाची ते आधीच लिहून घ्या. लोखंडी गार्ड झाडाच्या पोटात गेलेलं या शहरात किती ठिकाणी दिसतं ते मोजायला बसा एकदा.

चरईकर

+१. मेमधली दुपारची कसोटी पत्रात पहिल्या ओळीत घाला.

ओळंबा

तिघांनीही रस्ता पाहिला, रस्त्याच्या भिंती कोणी पाहिल्या नाहीत. रंगारींनी पाहिली, पण रंगवण्यापुरती.

नवी मुंबई हे १९७० पासून सिडकोने आखलेलं शहर. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या नियोजकांनी साठच्या दशकात मांडलेल्या कल्पनेवर उभं. रस्ते रुंद, गटारं झाकलेली, बागा आरक्षित. स्वच्छ सर्वेक्षणात २०२० साली देशात तिसरा क्रमांक. तरी सेक्टरच्या आतल्या रस्त्यावर चालताना कंटाळा का येतो? कारण दोन्ही बाजूंना सात-आठ फुटी कंपाउंड भिंती आणि मधेमधे गेट. चरईकरांच्या ठाण्यातल्या राम मारुती रोडवर दर चार-पाच मीटरला नवं दुकान, नवी पायरी, नवा चेहरा. आपल्याकडे शंभर मीटर चाललं तरी दृश्य बदलत नाही. पायाला ते अंतर दुप्पट वाटतं.

आणि चरईकर, ठाण्याचा फार अभिमान बाळगू नका. नौपाड्यात पुनर्विकास झालेल्या इमारतींचा तळमजला म्हणजे स्टिल्ट पार्किंग (खांबांमधली गाड्यांची जागा) नाहीतर पोडियमची जाळी. जुन्या दोन-तीन मजली इमारतीत खाली दुकान, वर गॅलरी, गॅलरीतून रस्त्यावर हाक मारता यायची. आता पहिली खिडकी चौथ्या-पाचव्या मजल्यावर. दहा वर्षांनी तिथेही सेक्टरसारखाच कंटाळा येईल.

सिडकोच्याच हद्दीत याचं उत्तर उभं आहे. सीबीडी बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज, कोरियांचंच, ऐंशीच्या दशकातलं. सुमारे सहा हेक्टरवर साडेपाचशेच्या आसपास घरं. सात घरांचा एक घोळका, त्यांच्या मधे साधारण ८ मीटर बाय ८ मीटरचं अंगण. असे तीन घोळके मिळून २१ घरं आणि त्यांचं १२ बाय १२ चं मोठं अंगण. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे गरीब-श्रीमंतांत फरक फार नाही. शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत नाही, त्यामुळे ज्याला जमेल तसं त्याने वाढवावं. पुढे लोकांनी वाढवलंही, बरीच घरं पाडून दोन-तीन मजली केली, मूळ कौलारू रूप पुष्कळ ठिकाणी गेलं. काहींना वाटतं वाटोळं झालं. मला तसं वाटत नाही. अंगणं शाबूत आहेत, आणि अंगणाचं माप बरोबर होतं म्हणून वरची घरं कशीही झाली तरी जागा तग धरून आहे. सौंदर्य असलंच तर ते मोकळ्या जागेच्या मापात असतं. दर्शनी भाग कोणीही बदलतो.

तुमच्या रस्त्याला हे लावायचं तर पाचही सोसायट्यांनी स्वतःच्या भिंतीपासून सुरुवात करावी, पालिकेची वाट बघायला नको. ६०० मिलिमीटर पक्की भिंत, त्यावर १.२ मीटरची उभ्या सळ्यांची जाळी. एकूण उंची १.८ मीटर होते, म्हणजे आताच्यापेक्षा थोडी कमी, पण सुरक्षा कमी होत नाही, उलट आत शिरलेला माणूस बाहेरून दिसतो. आतली बाग रस्त्याला फुकट मिळते. शाळेला जाळी नको असेल, मुलांचं लक्ष जातं म्हणून, तर दर १५ मीटरला भिंत दीड फूट आत घेऊन बसायचा कोनाडा करा. शाळा सुटताना आया-आजोबा फुटपाथ अडवून उभे राहतात, त्यांना जागा होईल.

चरईकरांच्या हिशेबात एक दुरुस्ती. भिंतीलगतचा अर्धा मीटर माणूस वापरत नाही, कोपर घासतं. म्हणून १.८ चा प्रत्यक्षात १.३ उरतो. पार्किंगच्या बाजूला झाडं फुटपाथवर न लावता पार्किंगच्या पट्ट्यात घ्या. दोन गाड्या, म्हणजे १० मीटर, मग झाडाचा दीड-दोन मीटरचा ओटा, पुन्हा दोन गाड्या. अंतर ८ ऐवजी १२ मीटर होईल, पण त्या बाजूला चालायला अडीच मीटर मिळेल.

करंज

१२ मीटर चालेल, पण मग तिथे मोठ्या घेराचं झाड घ्या. पर्जन्यवृक्ष किंवा शिरीष. आणि ओट्याला चारही बाजूंनी कर्ब लावून टाकी करू नका, पावसाचं पाणी आत यायला फटी ठेवा. सलग चराचा मुद्दा मात्र ओट्यात मोडतो. पार्किंगच्या पेव्हरखालून माती जोडून घ्यावी लागेल, खर्च वाढेल.

खाडीकाठ

धाग्यात होल्डिंग पाँडचा उल्लेख तलाव म्हणून झाला आहे. तो तलाव नाही, म्हणून तिथे काय मागू नये ते आधी सांगतो.

सिडकोने शहराचा सखल भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली असतानाच वसवला. पावसाचं पाणी नाल्यांतून पाँडमध्ये येतं. पाँड आणि खाडीच्या मधे झडपा. भरती आली की खाडीच्या दाबाने झडप बंद होते आणि शहराचं पाणी पाँडमध्ये साठतं. ओहोटी लागली की आतल्या दाबाने झडप उघडून पाणी खाडीत जातं. पंप लागत नाही, नुसता दाबाचा खेळ. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीला मुसळधार पाऊस गाठ पडला की ते चार-पाच तास पाँडच्या पोटात किती जागा आहे यावर तुमच्या पार्किंगमधलं पाणी ठरतं.

आता या पाँडच्या काठाला भराव टाकून ट्रॅक, डेक आणि मोठी अक्षरं बसवली की तेवढं पोट कमी झालं. गाळ तर साठतोच. गाळावर कांदळवन उगवतं आणि उगवलं की मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ आणि २०१८ च्या आदेशांमुळे परवानगीशिवाय हात लावता येत नाही. तो आदेश योग्यच आहे, पण म्हणूनच पाँडचा गाळ वेळच्या वेळी काढणं आणि झडपेत अडकलेलं प्लॅस्टिक पावसाळ्याआधी साफ करणं या दोन मागण्या शिल्पाच्या आधी हव्यात. झडपेत लाकडाचा ओंडका अडकून ती अर्धी उघडी राहिली तर भरतीचं पाणी उलट शहरात शिरतं.

ठाण्याच्या तळ्यांचं गणित वेगळं. तिथे भरती-ओहोटी नाही, पाणी साठलेलं. चारही बाजूंनी उभी काँक्रीटची भिंत घातली की काठचा उथळ भाग जातो, वनस्पती जातात, बगळ्याला उभं राहायला जागा उरत नाही. निर्माल्य आणि सांडपाणी पोचलं की शेवाळ माजतं. ते दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री तोच वापरतं, म्हणून पहाटे पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी होतो आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांना मेलेले मासे दिसतात. कारंजं हवेसाठी लावलं असेल तर ते पहाटे तीन ते सहा चालवायला हवं. आपण चालवतो संध्याकाळी सात ते दहा, रंगीत दिवे लावून.

'सुंदर' या शब्दावरच माझा आक्षेप आहे. ओहोटीच्या वेळी दिसणारा चिखल लोकांना घाण वाटतो. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो तोच चिखल गाळून जगतात. खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) दर्जा मिळाला तो या चिखलासाठीच. भरतीला खाडीतला चिखल बुडतो तेव्हा पक्षी सीवूड्स-नेरूळच्या आतल्या पाणथळींवर येऊन थांबतात. त्या पाणथळीचा खाडीशी असलेला पाइप बुजला की पाणी आटतं आणि पक्षी यायचे थांबतात. चौकात फायबरचा फ्लेमिंगो उभा करून ही भरपाई होत नाही. पाँडच्या काठाला बसवायचंच असेल तर एक भरतीपट्टी बसवा: खांबावर सेंटिमीटरच्या खुणा, शेजारी महिन्याचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक. लोक रोज थांबून बघतील.

रंगारी

भरतीपट्टी झकास. ती रंगवायला मी फुकट येतो. इपॉक्सी लागेल, खाऱ्या पाण्यात इमल्शन टिकणार नाही.

दिवाळे_बंदर

सगळं वाचलं. मासळीवाल्यांचा उल्लेख प्रश्नात एका ओळीत आला आणि नंतर कोणालाच आठवला नाही. प्रत्येक सुशोभीकरणात पहिली उचलबांगडी त्यांचीच होते, म्हणून लिहितो.

हे शहर ज्या ९५ गावांच्या जमिनीवर वसलं त्यातल्या कोळी-आगरी बायका चौकात बसतात. आखणीत त्यांची जागा नव्हती, म्हणून त्या फुटपाथवर. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे. शहर फेरीवाला समितीने पाहणी करून जागा ठरवायच्या, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाल्यांना सामावून घ्यायचं. पाहणी झाल्याशिवाय हटवता येत नाही. तुमच्या पत्रात 'फेरीवाले हटवा' असं एक वाक्य असणारच, ते आधी खोडा.

घाण दिसते ती माणसांमुळे नाही, उतार नसल्यामुळे दिसते. मासळीचा ओटा ६०० ते ७५० मिलिमीटर उंच हवा, वर कडाप्पा, मागच्या पन्हळीकडे उतार. जमिनीला साठास एक एवढा उतार आणि जाळीचं गटार. जाळीच्या खाली खवले अडवायला एक काढता येणारी टोपली पाहिजेच, नाहीतर पंधरा दिवसांत गटार तुंबतं आणि वास पाँडपर्यंत जातो. पाण्याचा एक नळ चार-पाच जणींत. एकीला दीड मीटर लांबीची जागा, वर पत्रा नको, तापतो. कापडी छत किंवा झाडाची सावली. बर्फाच्या पेट्यांना मागे जागा. दहा जणींची सोय १५ मीटरमध्ये होते, म्हणजे तुमच्या शिल्पाच्या गोल बागेएवढ्या जागेत.

ओळंबाजी, अंगणाचं माप म्हणालात ते पटलं. पण अंगण गावठाणात आधीपासून होतं. दोन-अडीच मीटरची गल्ली, दोन्हीकडे ओटे, एकमजली घरं, तेव्हा तिथे ऊन-वारा-सावली सगळं बरोबर होतं. त्याच गल्लीत आता चार-चार मजले चढले, समोरच्या खिडकीतून चहाचा कप देता येतो, खाली दिवसा दिवे लागतात. म्हणून गल्ली अरुंद असणं हा दोष नाही. उंचीचं आणि रुंदीचं प्रमाण बिघडलं हा दोष. बाहेरचे लोक गावठाण बकाल म्हणतात, पण संध्याकाळी मुलं खेळताना दिसतात ती तिथेच, सेक्टरच्या आरक्षित बागेला रात्री कुलूप असतं.

ओळंबा

प्रमाणाचं अगदी बरोबर. ढोबळ हिशेब असा की इमारतीची उंची रस्त्याच्या रुंदीएवढी असेपर्यंत रस्ता खोलीसारखा वाटतो, दुप्पट झाली की विहिरीसारखा. मासळीच्या ओट्याचा मुद्दा माझ्याकडून निसटला होता, कबूल. फक्त एक. ओटे चौकाच्या तोंडाशी नकोत, वळणाऱ्या गाडीला माणसं दिसत नाहीत. कोपऱ्यापासून निदान १० मीटर आत घ्या.

दिवाळे_बंदर

दहा मीटर आत गेलं तर गिऱ्हाईक कमी होतं. पण झाडाखाली असेल तर चालेल.

नेरूळवासी (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. माळा आणि मोठी अक्षरं मसुद्यातून काढली. मासळीचे ओटे, पाँडची झडप, सलग चर, मिलिंग आणि सोसायट्यांच्या भिंती हे घातलं. चित्रांचा तट मात्र ठाम आहे आणि रंगारींचं वाचून जास्तच ठाम झाला आहे. एक शंका: शाळेच्या भिंतीमागे भराव आहे की नाही ते आत न जाता कसं कळेल? शाळेची परवानगी मिळायला वेळ लागेल.

रंगारी

बाहेरून फुटपाथची पातळी आणि गेटमधून दिसणारी मैदानाची पातळी ताडून बघा. मैदान एक फूट जरी वर असलं तरी तेवढ्या उंचीपर्यंत भराव धरा. मग भिंतीवर दीड फूट बाय दीड फूट जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने पक्का लावा. एक जमिनीपासून एक फुटावर, एक चार फुटांवर, असे दर २० मीटरला जोड्या. रात्रभर, निदान १६ तास ठेवा. सकाळी प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले की ओल आतून येते आहे. तिथे खडूने फुली मारा. बाहेरच्या बाजूचं दंव मोजू नका, ते हवेचं.

ही तपासणी मेमध्ये केली तर भिंत कोरडी निघेल आणि फसाल. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात करा. फुल्या पडतील तेवढा भाग सोडून चित्रं काढा. फुलीच्या जागी वेल चढवायचा की कोनाडा करायचा ते करंज आणि ओळंबा आपसात भांडून ठरवतील.